नांवांचे चढउतार

रोलर कोस्टरच्या नांवांचा घोळ जुनाच आहे. १८ व्या शतकांत रशियांत बर्फाच्या कृत्रिम टेकड्यांवरून घसरण्याची मौज चाले. म्हणून फ्रेंच लोक ह्या खेळाला ‘रशियन डोंगर’ म्हणतात. रशियन लोक मात्र त्यालाच ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात! अमेरिकेंत थॉम्प्सन ह्यांनीं १८८४ सालीं न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथें अशी गाडी चालविली. पुढें १९७८ सालीं तिकडील शौकिनांनीं आपली संस्था काढली. ह्या मंडळींची बोली म्हणजे नुसतीं आद्याक्षरें. ‘जी. ए. एस. एम.’ म्हणजे ‘ग्रेट अमेरिकन स्क्रीम मशीन’. परंतु ह्या नांवाचे कोस्टर झाले दोन : जॉर्जियांतील लाकडी, १९७३ सालचा, आणि न्यू जर्सींतील पोलादी, १९८९ सालचा. दुसरा २०१० सालीं बंद झाला. मग नुसत्या अक्षरांवरून ओळखावा कोणता?

आपल्या पत्रांतील ‘सा. न. वि. वि.’ हेंही परक्याला कोडेंच वाटेल. संक्षेप ही जाणत्यांची सोय, पण नवख्याला तो बंद दरवाजा. यास्तव आठवणी लिहिणारानें एकदां तरी पूर्ण नांव, गांव व साल नोंदवावें. नाहींतर मोडलें कोणतें आणि उरलें कोणतें, हें पुढील पिढीस उमगणार नाहीं.