चाकांवरचा संसार आणि पोटापाण्याचा प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या भाचीने अमेरिकेतून कळवलं की तिच्या शेजारचं एक कुटुंब घर विकून कायमचं आरव्हीत राहायला गेलं. आरव्ही म्हणजे ओटा, पलंग, न्हाणीघर असं सगळं आत असलेली मोठी मोटार. नवरा-बायको, दोन मुलं आणि एक कुत्रा. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर यावर दोन दिवस गुऱ्हाळ चाललं. कोणाला कौतुक वाटलं, कोणाला वेड. पण आमच्या वहिनींनी नेमका प्रश्न विचारला, "ते सगळं खरं, पण खातात काय? पैसे कुठून येतात?"

हा प्रश्न मला इतिहासाचा वाटला, म्हणून हा लेख. (इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला बहुतेक प्रश्न इतिहासाचेच वाटतात, ते सोडून द्या.)

अमेरिकेत सहलीसाठी अशी वाहनं घेऊन हिंडणं जुनंच आहे. १९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा गावी अशा हौशी लोकांनी 'टिन कॅन टुरिस्ट्स' नावाचा संघ काढला. पुढे चंदेरी, गोलसर अॅल्युमिनियमच्या 'एअरस्ट्रीम' गाड्या गाजल्या. त्या काढणारा वॉली बायम. गंमत म्हणजे हा माणूस पोरवयात ऑरेगनमध्ये मेंढ्या राखत असे आणि गाढवाच्या दुचाकी गाडीत त्याचा स्टोव्ह, पाणी, अंथरूण असा सगळा संसार असे. म्हणजे मूळ कल्पना सहलीची नाहीच, पोटासाठी हिंडणाऱ्या मेंढपाळाची! आपल्या धनगरांना हे सांगितलं तर ते म्हणतील, यात नवीन ते काय.

१९३६ साली बायमने 'क्लिपर' ही गाडी बाजारात आणली. किंमत १२०० डॉलर. तेवढ्यात त्या वेळी दोन साध्या मोटारी आल्या असत्या. त्याच सुमारास रॉजर बॅब्सन नावाच्या अर्थतज्ज्ञाने भाकीत केलं की वीस वर्षांत निम्मी अमेरिका चाकांवर राहायला जाईल. तसं काही झालं नाही. अर्थतज्ज्ञांची भाकितं तिकडेही आपल्यासारखीच.

आता त्याच वर्षाची, त्याच कॅलिफोर्नियातली दुसरी गोष्ट पाहा. १९३६ च्या ऑक्टोबरात जॉन स्टाइनबेक या लेखकाने 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'मध्ये सात लेखांची माला लिहिली. ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा या भागांत एकीकडे महामंदी, दुसरीकडे दुष्काळ आणि धुळीची वादळं. जमिनी गेलेली कुटुंबं जुनाट गाड्यांवर गाद्या, भांडी, म्हातारीकोतारी लादून ६६ नंबरच्या हमरस्त्याने पश्चिमेला निघाली. आज वाटाणा तोडायचा, मग पीच, मग कापूस वेचायचा. पीक संपलं की गाडी पुढे. यावरच १९३९ साली त्याची 'द ग्रेप्स ऑफ राथ' ही कादंबरी आली.

म्हणजे बघा, गाडी, गाडीत चूल, चुलीभोवती मुलंबाळं, दोन्हीकडे सारखंच. पण क्लिपरवाल्याला लोक 'प्रवासी' म्हणत आणि कापूसवाल्याला 'ओकी'. ओकी ही शिवी होती. मुलांना शाळेत याच नावाने हिणवत.

इथे मला एका माणसाची ओळख करून द्यायची आहे, आपल्याकडे तो फारसा कोणाला ठाऊक नाही. लिओ हार्ट. केर्न काउंटीचा शिक्षणाधिकारी, १९३९ साली निवडून आलेला. (तिकडे शिक्षणाधिकारीही निवडून येतो!) आर्विन गावाजवळ सरकारने या मजुरांसाठी छावणी बांधली होती, तिला 'वीडपॅच' म्हणत. हार्ट तिथल्या मुलांशी जाऊन गप्पा मारत असे. गावातल्या शाळांना ही मुलं नको होती. शिक्षक त्यांना मागे बसवत, पालक तक्रारी करत. हार्टने भांडण घातलं नाही. "नको ना तुम्हाला? मग मी वेगळी शाळा काढतो," असा त्याचा पवित्रा. छावणीलगतची जागा मिळवली, विटा, लाकूड, पाइप मागून आणले आणि १९४० साली पन्नासेक मुलांना घेऊन शाळा सुरू केली.

इमारत नव्हतीच. ती मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून बांधली. नळजोडणी, वीजजोडणी शिकत शिकतच केली. भाजीपाला पिकवला, जनावरं पाळली, त्यातून दुपारचं जेवण निघू लागलं. पोहण्याचा तलाव खणला. पुढे हार्टने एक जुनं सी-४६ विमान आणून मैदानात उभं केलं, यंत्रकाम शिकायला. गणितात चांगले गुण मिळवणाऱ्याला ते धावपट्टीवर चालवायला मिळे. आमच्या काळी शंभरपैकी नव्वद मिळाले तर शिसपेन्सिल मिळायची! काही वर्षांत ज्या गावकऱ्यांना ही पोरं नको होती तेच आपली मुलं इथे घ्या म्हणून यायला लागले. मी चौतीस वर्षं शिकवलं, पण हे वाचून दोन रात्री नीट झोप आली नाही.

मग महायुद्ध आलं. कारखान्यांना माणसं हवी होती, घरं नव्हती, तेव्हा युद्धसामग्रीचे हजारो कामगार कुटुंबांसह ट्रेलरमध्ये राहिले. नंतरच्या काळातलं एक जोडपं सांगण्यासारखं आहे, जो आणि के पीटरसन. जो वायरमन. जिथे बांधकाम, तिथे ट्रेलर नेऊन काम करायचं. के मासिकांतून लिहायची. त्यांनी १९७८ साली 'एस्केपीज' ही संघटना काढली. या लोकांची खरी अडचण कोणती होती? पत्ता! मतदान, वाहनपरवाना, बँक, टपाल, सगळ्याला पत्ता लागतो. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन या लहानशा गावी संघटनेने टपालाची सोय केली आणि कधीच तिथे न राहणाऱ्या हजारो माणसांचा कायदेशीर पत्ता ते गाव झालं. मुलांच्या शिक्षणाची अडचणही सुटत गेली. १९९३ पर्यंत घरी शिकवणं अमेरिकेच्या सर्व राज्यांत कायदेशीर ठरलं होतं.

तर वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आज कोणी लॅपटॉपवर नोकरी करतं, २०२० च्या महामारीनंतर तर बरेच. कोणी तळांची देखरेख करून जागा आणि वीज फुकट मिळवतं. परिचारिका तीन-तीन महिन्यांच्या कराराने गावोगाव जातात. आणि काही जण ऑक्टोबरात उत्तर डकोटा-मिनेसोटाच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात बीट काढणीला जातात. बारा-बारा तासांच्या पाळ्या, काही आठवड्यांचं काम, गाडी लावायला जागा. त्या बिटापासून साखर होते.

साखर म्हटल्यावर मला माझा बीड जिल्हा आठवणारच. दसरा-दिवाळीला इकडच्या बैलगाड्या, आता ट्रॅक्टर, कारखान्यांकडे निघतात. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला, पुढे तसे कितीतरी झाले आणि ऊसतोडीला माणसं लागू लागली. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. फडाजवळ कोपी, वाढं विकून चार पैसे, खाडा पडला की कापणी. चाकांवरचा संसार हाही. पण बीट काढणारा हंगाम संपला की मजुरी घेऊन मोकळा होतो. आमचा कोयता निघण्याआधीच मुकादमाकडून उचल घेतो आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा जातो. माझ्या मते फरक इथे आहे, गाडीत वातानुकूलन आहे की नाही यात नाही.

मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, काही चांगल्या चालल्या. पुढे हंगामी वसतिगृहं आली, मुलं आजी-आजोबांपाशी गावातच राहू लागली. शिक्षण हमी पत्रकही आलं, म्हणजे मुलाबरोबर कागद जातो आणि दुसऱ्या गावची शाळा त्याला घेते. माझ्या वर्गात यातलं काही नव्हतं. दिवाळीनंतर अर्धा वर्ग रिकामा, आणि चैत्रात मुलं परत यायची ती परीक्षेच्या तोंडावर, हाताला उसाच्या पात्याचे ओरखडे घेऊन. हजेरीपटात गैरहजर एवढंच लिहायची सोय होती. मी समोर पेन्सिलीने कारखान्याचं नाव लिहून ठेवत असे, म्हणजे परत आल्यावर निदान विचारता यायचं, तिथे शाळा होती का रे, कोणी शिकवलं का. बहुतेक वेळा उत्तर "नाही गुरुजी" असंच असे. एकीने मात्र पाढे म्हणून दाखवले, सत्तावीसपर्यंत. बापाने गाडीवर बसून पाठ करून घेतले होते.