चिपेंडेलची थकलेली बिले

युरोपातील लाकडी सामानाच्या शैलींना बहुधा राजे-राण्यांची नावे मिळाली आहेत. फ्रान्समध्ये चौदावा, पंधरावा व सोळावा लुई, इंग्लंडात राणी ॲन. या मुकुटधाऱ्यांच्या रांगेत एका सुताराचेही नाव मानाने घेतले जाते, ते म्हणजे थॉमस चिपेंडेल. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर त्याचा पुतळा उभा आहे. लिलावात त्याच्या हातच्या सामानाला आज लाखो पौंड मोजले जातात. परंतु ज्यांनी ते सामान मुद्दाम सांगून घडवून घेतले त्यांनी त्याचा दाम केव्हा व कसा चुकता केला, हा प्रश्न विचारला म्हणजे या वैभवाची दुसरी बाजू दिसू लागते. त्या बाजूचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

चिपेंडेलचा जन्म यॉर्कशायरमधील ऑटली या लहानशा गावी झाला. त्याचा बाप्तिस्मा 5 जून 1718 रोजीचा आहे. वडील सुतारच होते. तरुणपणी तो लंडनला आला, 1748 मध्ये तेथेच त्याचा विवाह झाला आणि 1754 च्या सुमारास सेंट मार्टिन्स लेन या प्रतिष्ठित रस्त्यावर त्याने आपला कारखाना थाटला. भांडवल जेम्स रॅनी नावाच्या स्कॉटिश भागीदाराचे होते. त्याच वर्षी त्याने ‘द जेंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डिरेक्टर’ हे नमुन्यांचे मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात 160 चित्रपृष्ठे होती. 1762 च्या तिसऱ्या आवृत्तीत ती 200 झाली. आगाऊ वर्गणी भरणाऱ्यांच्या यादीत उमराव होते, तसे धंद्यातील सुतारही होते. उमरावांनी नमुना पाहून मागणी द्यावी आणि दूरच्या सुतारांनी तो पाहून काम करावे, असा त्या ग्रंथाचा दुहेरी उपयोग होता. येथे एक गंमत नमूद करावीशी वाटते. पंजात चेंडू धरलेला खुर्चीचा पाय दिसला, की लोक त्याला चिपेंडेलचा पाय म्हणतात. पण त्या पुस्तकात तसा पाय एकही नाही. नाव मोठे झाले म्हणजे दुसऱ्याचे कामही त्या खात्यावर जमा होते, ते असे.

मागणीनुसार सामान घडवण्याची रीत आजच्याहून फारशी निराळी नव्हती. गिऱ्हाइकाची खोली पाहायची, मापे घ्यायची, आराखडा काढून पसंत करून घ्यायचा, मग लाकूड निवडायचे. 1721 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने आपल्या अमेरिकी वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील जकात उठवली आणि त्यानंतर महॉगनीची आवक वाढत गेली. या लाकडाच्या रुंद फळ्या निघतात, त्याला कीड सहसा लागत नाही आणि त्याच्या घट्ट कणात बारीक कोरीव काम टिकते. सांधे बसवून, सरस लावून, कोरून झाले म्हणजे अखेरचा हात पॉलिशचा. शेरटन या जाणकाराने 1803 च्या आपल्या कोशात त्याची कृती दिली आहे. जवसाचे तेल लाकडात मुरू द्यायचे, वर विटेची बारीक भुकटी टाकून कापडाने घासत राहायचे, म्हणजे तेल व भुकटी यांचा लगदा होऊन लाकडाला चकाकी येते. भारतातून जाणाऱ्या लाखेचे पॉलिश इंग्लंडात रूढ झाले, ते त्यानंतरच्या काळात. चिपेंडेलच्या वेळी चकाकी होती ती मुख्यतः मनगटाच्या श्रमाची.

ही मनगटे कोणाची होती? 5 एप्रिल 1755 रोजी कारखान्याला आग लागली, तेव्हा 22 कामगारांच्या हत्यारांच्या पेट्या जळाल्याची नोंद झाली. रोजावर काम करणाऱ्या सुताराची पेटी म्हणजे त्याची सारी मिळकत. ती जळाली म्हणजे नुसते हात उरले. त्या 22 जणांची नावे मात्र शैलीच्या नावात विरून गेली. त्यांच्याही मागे आणखी कोणी होते. जमैकाच्या अरण्यात महॉगनीची झाडे तोडणारे हात गुलामांचे होते. गुलामांचा व्यापार ब्रिटनने 1807 साली बंद केला आणि वसाहतींतील गुलामगिरी संपवणारा कायदा 1833 साली केला. हे दोन्ही चिपेंडेलच्या मृत्यूनंतरचे. त्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचे, हेअरवुड येथील एडविन लॅसेल्स यांचे, ऐश्वर्यही वेस्ट इंडीजमधील साखरेवर व गुलामांच्या घामावर उभे होते. म्हणजे त्या दिवाणखान्यातील मेजाचे लाकूड आणि त्या मेजाचा दाम ही दोन्ही एकाच अन्यायाच्या मुळातून आलेली होती. कलाकृतीचे कौतुक करताना हे विसरून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

आता दामाकडे वळू. कारखानदाराला लाकूड, सोन्याचा वर्ख, भारी कापड, आरसे यांसाठी पैसे गुंतवावे लागत. कामगारांना मजुरी वेळच्या वेळी द्यावी लागे. गिऱ्हाईक मात्र उमराव. त्याने बिल वर्षाने द्यावे, दोन वर्षांनी द्यावे, वा त्यातले थोडेसे देऊन बाकीचे लांबवावे, ही त्या वर्गाची रीत होती. उमरावाला तगादा लावणे म्हणजे असभ्यपणा आणि उद्याची मागणी गमावण्याची भीती. 1766 च्या आरंभी रॅनी वारला. त्याचे भांडवल वारसांना द्यावे लागणार म्हणून मालाचा लिलाव करण्याची पाळी आली. चिपेंडेलची थोर कामे याच ओढाताणीच्या वर्षांत झाली, हे लक्षात ठेवले पाहिजे.

नॉस्टेल प्रायरीचे सर रोलंड विन यांच्याशी झालेला त्याचा पत्रव्यवहार सुदैवाने टिकून आहे. त्यांच्यासाठी त्याने 1767 साली ग्रंथालयाचे महॉगनीचे भव्य मेज केले. त्याची किंमत 72 पौंड 10 शिलिंग. त्याच घराच्या स्वयंपाकघरासाठी मांस तोडण्याचा ओंडकाही त्यानेच पुरवला. लहान काम त्याने हलके मानले नाही. सर रोलंड उशीर झाल्याबद्दल रागावून लिहीत, पैसे मात्र द्यायचे लांबवीत. चिपेंडेलने नम्रपणे कळवले, की रोख पैसे देणाऱ्यांची कामे आधी घ्यावी लागतात, नाही तर कारखाना चालणार नाही. पैसे थकले म्हणून काम मागे पडे आणि काम मागे पडले म्हणून पैसे अडत, असे ते दुष्टचक्र होते. सामर्थ्य ज्याच्या हाती होते, त्याला ते सहज तोडता आले असते.

हेअरवुडचे काम 1767 च्या सुमारास सुरू झाले व पुढे अनेक वर्षे चालले. तेथील डायना व मिनर्व्हा या देवतांच्या चित्रांनी मढवलेल्या कपाटाचे 1773 चे बिल 86 पौंडांचे आहे. त्यातील जडावाचे तुकडे त्या वेळी रंगवलेले, झगमगीत होते; प्रकाशाने ते विटून आज तपकिरी झाले आहेत. नोव्हेंबर 1779 मध्ये चिपेंडेल क्षयाने वारला. त्याने मागे मोठी संपत्ती ठेवली नाही. त्याच्या मुलाने, तोही थॉमसच, कारखाना कौशल्याने चालवला; पण 1804 साली त्याचे दिवाळे निघाले.

यात एक विलक्षण गोष्ट आहे. चिपेंडेल आपल्या सामानावर नाव किंवा शिक्का घालीत नसे. त्याचे नमुने छापलेले असल्यामुळे ते पाहून कोणीही तशी खुर्ची करू शके, आणि करीतही असे. मग अमुक मेज खरोखर त्याच्याच कारखान्यातले, हे अभ्यासकांनी ठरवले कशावरून? त्या घरांच्या दप्तरांत पडून राहिलेल्या बिलांवरून, पावत्यांवरून आणि थकबाकीच्या पत्रांवरून. ज्या कागदांनी त्याला जिवंतपणी छळले, तेच कागद त्याचे साक्षीदार ठरले. स्कॉटलंडमधील डमफ्रीज हाऊस या वाड्यासाठी त्याने 1759 साली सामान पुरवले होते. 2007 साली ते सामान लिलावात विखुरले जाण्याच्या बेतात होते, तेव्हा युवराज चार्ल्स यांच्या पुढाकाराने घर व सामान मिळून 4 कोटी 50 लाख पौंडांना वाचवण्यात आले. त्या सामानाचे मोल ठरवण्यातही जुन्या बिलांचा वाटा होता. कारागिराच्या हयातीत जे देणे जड वाटले, त्याच्या कित्येक पट दोन शतकांनंतर आनंदाने दिले गेले. पण ते त्याला नव्हे.

इतिहासाचा उपयोग केवळ हळहळण्यासाठी नसतो. आमच्या धर्मग्रामात नवे घर उभे राहिले, की आशीर्वादासाठी आम्हांस बोलावणे येते. यजमान सागवानी कपाट, जिन्याचा कठडा, देव्हारा हौसेने दाखवतात. नक्षीचे कौतुक होते, लाकडाच्या भावाची चर्चा होते. ज्याने हे घडवले तो सुतार कोण आणि त्याचा हिशेब पुरा झाला काय, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही. ‘थोडे काम राहिले आहे, मग देऊ’ हे वाक्य उमरावांच्या वाड्यांतूनच आपल्याकडे आले असे नव्हे. ते प्रत्येक घरात आपोआप रुजते. सुताराला तगादा लावण्याची लाज वाटते आणि आपल्याला थकवण्याची वाटत नाही, ही उलटी रीत आहे.

लाकूड वाळायला वेळ लागतो, सांधा बसायला वेळ लागतो, पॉलिश मुरायला वेळ लागतो. चांगल्या कामासाठी गिऱ्हाइकाने धीर धरावा, हे योग्यच आहे. मात्र काम पुरे झाल्यावर धीर धरण्याची पाळी सुतारावर येऊ नये. सुताराचे नाव आपण लक्षात ठेवावे हे चांगलेच, पण त्याआधी त्याचे बिल चुकते करावे. नावाचे काय करायचे ते इतिहास पाहून घेईल.