अंगणवाडी : पाड्यापासून अंदाजपत्रकापर्यंत

ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या दारी न्यायची, या विचारातून आदिवासी पाड्यांवर घरांच्या अंगणात वर्ग भरू लागले. अंगणवाडी हे नाव त्याच कामाने रुळवले. 1957 पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर बहरले.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरातील 33 प्रकल्पांत सुरू केली. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी येथे. दोनच वर्षांपूर्वी निवर्तलेल्या ताराबाईंना हा दिवस दिसला नाही. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अंगणवाडीच्या एका छताखाली आले. मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना 150 रुपये, मदतनीसाला 35. त्याला वेतन म्हणत नसत, मानधन म्हणत. तो शब्द आजही बदललेला नाही.

सरकारी योजना अंदाजपत्रकाच्या मर्जीवर चालते. अंगणवाडीला त्या मर्जीतून सोडवण्याचे श्रेय अन्न अधिकाराच्या चळवळीला द्यायला हवे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने 2001 मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांखालील प्रत्येक मुलाला या सेवा देण्याचे आदेश दिले. 13 डिसेंबर 2006 च्या आदेशाने तर 14 लाख अंगणवाड्या उभारण्याचे बंधन घातले. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान 40 मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तिला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळण्याचा हक्क दिला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने मुलांच्या आहाराला संसदेचे कवच दिले.

या कवचाची कसोटी लवकरच लागली. 2015-16 च्या अंदाजपत्रकात योजनेची तरतूद सुमारे 18 हजार कोटींवरून 8 हजार कोटींच्या घरात आली. राज्यांना करांतला वाटा वाढवून दिला आहे, असे कारण होते. पण राज्याच्या तिजोरीत आलेला पैसा पाड्यावरच्या ताटात पोहोचेलच, याची हमी कोण देणार? महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी यांनीच अर्थमंत्र्यांकडे पत्राने हरकत नोंदवली. पुढे वर्षभरात तरतूद वाढवावी लागली.

मानधनाची रस्त्यावरची लढाई सेविकांनी लढली. महाराष्ट्रात 2017 मध्ये आणि पुन्हा 4 डिसेंबर 2023 पासून त्या संपावर गेल्या. दुसरा संप पन्नास दिवसांहून अधिक चालला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला.

अंगणवाडीतल्या आरोग्य तपासणीला जोड देणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला, म्हणजे बोर्डी-कोसबाडच्याच परिसरात झाला. त्याची वैद्यकीय पथके अंगणवाडीत येऊन मुले तपासतात. ऐकू न येणारे, वाढीत मागे पडलेले मूल तिथे लक्षात आले, की त्याला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. राज्यातील सुमारे 1 लाख 10 हजार अंगणवाड्यांत सेविका दर महिन्याला मुलांचे वजन करते आणि वजनाच्या तक्त्यावर ज्याची रेषा खाली झुकते, त्या मुलाच्या घरी स्वतः जाऊन येते.