न दिसणाऱ्या संख्येचा माग

2011 च्या जनगणनेत नवी मुंबई महानगरपालिकेची लोकसंख्या 11,20,547 नोंदली गेली. त्यासाठी घरोघरी प्रगणक फिरले. पण या शहरातल्या नोकरदारांना कामावर पोचायला सरासरी किती मिनिटे लागतात? उत्तर आहे, साऱ्यांना विचारता आले तर एकच संख्या हाती येईल. संख्याशास्त्रात तिला प्राचल म्हणतात. ती ठरलेली असते, पण बहुधा कुणालाच दिसत नाही. आपल्याला मिळतो तो हजारेक जणांच्या नमुन्यातून काढलेला आकडा. दुसरे हजार जण निवडले की तो बदलतो. हे पुस्तक या दोन संख्यांमधल्या अंतराविषयी आहे.

ते अंतर प्राचल न पाहताही अजमावता येते, हे मला या शास्त्राचे सर्वांत मोठे यश वाटते. समजा, शहरातले निम्मे नोकरदार लोकलने जातात. चिठ्ठ्या टाकून हजार-हजारांचे नमुने काढत गेलो, तर शंभरातल्या सुमारे पंचाण्णव नमुन्यांत हे प्रमाण 47 ते 53 टक्क्यांच्या दरम्यान येईल. शहर अकरा लाखांचे असो की राज्य अकरा कोटींचे, त्यात जवळपास फरक पडत नाही. हे चटकन पटत नाही, म्हणून त्यासाठी एक अख्खे प्रकरण दिले आहे. हे अंतर निम्म्यावर आणायचे तर मात्र नमुना चौपट लागतो.

अट एकच, निवड निष्पक्ष हवी. वाशी स्टेशनच्या फलाटावर लाखभर लोकांना विचारले, तरी दिघ्याहून पायी कारखान्यात जाणारा कामगार त्यात येणारच नाही. नमुना कितीही वाढवला तरी ही चूक भरून निघत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी ही गोष्ट शेतात दाखवून दिली. लंडनमध्ये नेमन आणि ईगन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांच्या सहवासात शिकून आलेले सुखात्मे 1940 च्या दशकात पीक-सर्वेक्षणांचे काम पाहत होते. शेतात एक तुकडा आखून, तेवढेच पीक कापून, उत्पन्नाचा अंदाज बांधत. तुकडे फार लहान आखले की अंदाज फुगतो, असे त्यांना आढळले. कडेवरचे रोप आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल असतो आणि लहान तुकड्याला क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त. असे तुकडे हजारोंनी वाढवले तरी फुगवटा जात नाही. आजही पीकविम्याची भरपाई ठरवताना पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतात. उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे ज्याच्या खाली गेले तरच भरपाई मिळते त्या पातळीच्या, काठावरच्या शेतकऱ्याला अशी चूक थेट रुपयांत सोसावी लागते.

नमुना निष्पक्ष कसा निवडतात, याचे उदाहरण जवळच आहे. वाशीच्या खाडीपुलापलीकडे, देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रे तिथून हलतात. 2019–21 च्या फेरीत 6,36,699 कुटुंबांच्या मुलाखती झाल्या. ती कुटुंबे कशी निवडली, हे शेवटच्या प्रकरणात येईल. तिथवर पोचायला दहावीचे गणित पुरे. एखादे सूत्र अडले तर खुशाल पुढे जा, पण उदाहरणांतल्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने काढून पाहा.