जादा व नकोशा बंदुकांची विल्हेवाट (बंगळूर, कर्नाटक)

परवाना संपलेली, वारशाने आलेली, मर्यादेबाहेर गेलेली किंवा मालकालाच नकोशी झालेली बंदूक जमा करून निकालात काढण्याची कायदेशीर व्यवस्था. भारतात तिचा मुख्य आधार शस्त्र अधिनियम, 1959 हा केंद्रीय कायदा आहे. निव्वळ शस्त्रनाशासाठी वेगळा कायदा नाही. या अधिनियमाखालचे जिल्हा दंडाधिकाऱ्याचे अधिकार बंगळूर शहरात पोलीस आयुक्तांकडे असतात.

या विषयाला अलीकडे सर्वांत मोठी चालना 2019 च्या दुरुस्ती विधेयकाने मिळाली. 1983 पासून एका व्यक्तीला तीन बंदुका बाळगता येत. विधेयकाने ही मर्यादा थेट एकावर आणण्याचे सुचवले होते. संसदेत ती दोन ठरली. डिसेंबर 2019 मध्ये कायदा लागू झाला. जादा बंदूक वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पुढच्या 90 दिवसांत तिचा परवाना रद्द व्हायचा, असे त्यात ठरले. वाडवडिलांच्या बंदुकाही याच मर्यादेत मोजल्या गेल्या.

कर्नाटकात हा प्रश्न भावनेचाही आहे. कोडगूतील कोडव समाज कैलपोद सणाला बंदुकीची पूजा करतो. कोडव आणि तेथील जम्मा (वंशपरंपरागत हक्काचे) जमीनधारक यांना असलेली परवान्यातील सूट केंद्राने ऑक्टोबर 2019 मध्ये दहा वर्षांनी वाढवली. तिला दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2021 मध्ये फेटाळले.

बाळगणे बेकायदा ठरलेली बंदूक कलम 21 नुसार विनाविलंब जमा करावी लागते. ठरलेल्या मुदतीत मालक ती कायदेशीरपणे विकू शकतो किंवा परवाना मिळवून परत नेऊ शकतो. दोन्ही न झाल्यास दंडाधिकारी नोटीस देऊन तिच्या सरकारजमेचा आदेश काढू शकतात. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा निर्णय न्यायालय देते. खटला लांबला, तर ती मुद्देमालाच्या खोलीत चिठ्ठी लावून वर्षानुवर्षे पडून राहते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 ने अशा मालाची छायाचित्रे व चित्रफीत घेऊन खटला संपण्याआधीच विल्हेवाटीचा मार्ग मोकळा केला, ही स्वागतार्ह सुधारणा होय.

उणीव पुढच्या टप्प्यात आहे. बंदूक जमा कशी करायची हे अधिनियम बारकाईने सांगतो. ती तोडायची कशी, कोणासमोर आणि नोंद कुठे ठेवायची, याबाबत तो मूक आहे. सरकारजमा झाल्यापासून नष्ट होईपर्यंतचा काळच सर्वांत धोक्याचा, कारण तेव्हा बंदुकीला मालक उरलेला नसतो.

नष्ट करणे म्हणजे नेमके काय, हा वाद अमेरिकेत पेटला. तेथे केंद्रीय कायदा बंदुकीचा मूळ सांगाडा म्हणजेच बंदूक मानतो. पोलिसांनी नाशासाठी दिलेल्या बंदुकांचा तेवढा भाग चिरडून नळी, घोडा, चाप, दस्ता सुटे विकले जात असल्याचे 2023 मध्ये वृत्तपत्रांनी उघड केले. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा करून सुट्या भागांसह अख्खी बंदूक नष्ट करणे बंधनकारक केले. ऑस्ट्रेलियाने 1996 च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या होत्या.

भारतीय अधिनियमाची व्याख्या मुळातच अधिक भक्कम आहे. शस्त्रांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रेही त्यात ‘शस्त्र’ ठरतात, त्यामुळे सुट्या भागांच्या विक्रीची अमेरिकेतली पळवाट इथे अवघड. प्रत्येक भाग वितळवून त्याचा क्रमांक नोंदवण्याची सक्ती मात्र अधिनियमात अद्याप यायची आहे.