तिसऱ्या खंडातली साक्ष

रहस्यकथांच्या त्रयीचा शेवटचा खंड उघडताना वाचकापुढे एक पेच असतो. गुन्हा कोणी केला हे बहुधा आधीच्या खंडांतच कळून चुकलेले असते. मग तिसऱ्यात उरते काय? स्वीडिश पत्रकार स्टीग लार्सन यांच्या ‘मिलेनियम’ त्रयीचा अखेरचा भाग आम्ही काळाचौकीतल्या एका खोलीत, आपापसांत वाद घालीत, वाचून संपवला. तेव्हा हा प्रश्न आम्हांला स्वीडनपेक्षा खिडकीबाहेरच्या गिरणगावाविषयी अधिक पडला.

आमच्या वडिलांच्या पिढीला हा पेच नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू घरोघर पोचले. या कथांत गुन्हा आणि न्याय एकाच पुस्तकात, बहुधा एकाच बैठकीत, उरकत असे आणि नायक पुढच्या पुस्तकात पुन्हा ताजातवाना उभा राही. अशा मालिकेला अखेरच्या खंडाची गरजच नव्हती. पाळी संपवून आलेल्या वाचकाला निदान कागदावर तरी हिशेब चुकता झालेला दिसे. हे समाधान क्षुल्लक मानण्याचे कारण नाही.

लार्सन यांची मांडणी निराळी आहे. ९ नोव्हेंबर २००४ रोजी ते वारले, तेव्हा त्रयीतला एकही भाग प्रसिद्ध झालेला नव्हता. तिसरा २००७ साली आला. त्याचे मूळ शीर्षक ‘उडवून दिलेला हवेतला किल्ला’ अशा अर्थाचे आहे. नायिका लिस्बेथ सॅलँडर या भागात बराच काळ इस्पितळात जखमी पडून असते. पाठलाग मागे पडतो आणि कागदपत्रे पुढे येतात. बाराव्या वर्षी तिला मनोरुग्णालयात डांबले गेले ते एका डॉक्टरच्या अहवालावरून. आणि त्यामागे गुप्त पोलिसांतील एका छुप्या गटाची सोय होती. लिस्बेथ इस्पितळातूनच आपली हकीकत लिहून काढते आणि तिची वकील न्यायालयात ती हकीकत व तो अहवाल समोरासमोर ठेवते. तिसऱ्या खंडाचा प्रश्न ‘कोणी केले’ हा उरत नाही. ‘कोणी झाकले, आणि जिच्यावर बेतले तिचे म्हणणे कोणी ऐकले’ हा होतो.

हाच प्रश्न गिरणगावाला विचारून पाहावा. ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांची १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत हत्या झाली. या हत्येत काहींना जन्मठेप झाली. कटाचा आरोप असलेला छोटा राजन मात्र २०२३ साली पुराव्याअभावी निर्दोष सुटला. झुंजारच्या चाहत्याला हा हिशेब अर्धाच वाटेल.

शिवाय सर्वांत मोठी उलथापालथ बंदुकीने नव्हे, कागदाने झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीतल्या केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि गिरण्यांचे बहुतेक क्षेत्र तर बांधकामाखालीच होते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. तेव्हा कायद्याच्या भाषेत हा गुन्हा नव्हे. परंतु नियमातला एक शब्द बदलल्याने कोणाच्या घराची आशा गेली, हे त्या नियमात लिहिलेले नसते.

ते लिहिलेले आहे अन्यत्र. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन सिद्ध केलेला मौखिक इतिहास २००४ साली इंग्रजीत निघाला. मराठीत तो ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या नावाने आला. गिरणगावाच्या त्रयीचा तिसरा खंड आम्ही याला मानतो. त्यात रहस्याचा उलगडा नाही. ज्यांच्याविषयी इतरांनी अहवाल लिहिले, त्यांची स्वतःची हकीकत आहे.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या आवारात महानगरपालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला. तिथे साचे आणि चात्या मांडता येतील. पण साचे साक्ष देत नाहीत. कादंबरीत लिस्बेथची हकीकत न्यायाधीशापुढे जाते. गिरणगावाची हकीकत अजून केवळ वाचकापुढे आली आहे. आणि ती वर्गात वाचून घेणे निदान आम्हां शिकवणाऱ्यांच्या हाती आहे.