यूएसबी ड्रायव्हरचे बिघाड (विंडोज)

यूएसबीने जोडलेले उपकरण आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. ती बसवलेली नसली किंवा भलतीच बसली, तर उपकरण जोडूनही चालत नाही. मात्र ‘ड्रायव्हर उडाला’ अशा तक्रारींत दोष ड्रायव्हरचा नसून केबलचा किंवा पोर्टचा निघणे नेहमीचे आहे.

जोडणी होताच संगणक उपकरणाकडे ओळख मागतो. उत्तरात उत्पादकाचा (व्हीआयडी) आणि उत्पादनाचा (पीआयडी) असे १६ बिटांचे दोन क्रमांक येतात. त्यांवरून विंडोज ड्रायव्हर निवडते. कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह यांचे सामाईक ड्रायव्हर विंडोजमध्येच असतात. अडते ते बहुधा जुने प्रिंटर, स्कॅनर, सिरियल केबल आणि डिजिटल सहीचे टोकन यांपाशी.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण असलेल्या नोंदीवर डबल क्लिक केल्यास कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. ४३ म्हणजे उपकरणाने बिघाड कळवल्याने विंडोजने ते थांबवले. ४३ सोबत हार्डवेअर आयडीत व्हीआयडी ०००० दिसला, तर ओळखच पोहोचलेली नसते आणि नवा ड्रायव्हर उतरवणे व्यर्थ ठरते. अशा वेळी हब काढावा, केबल बदलावी आणि उपकरण कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावून पाहावे. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, पुढचे आतल्या वायरने जोडलेले. विजेचाही प्रश्न असतो : यूएसबी २.० पोर्टची प्रमाणित मर्यादा ५०० मिलीअँपिअर, ३.० ची ९००. पोर्टेबल हार्ड डिस्कला पहिली अनेकदा अपुरी पडते.

‘ड्रायव्हर अपडेट करा’ हा सरसकट सल्ला किती अंगाशी येऊ शकतो, हे २०१४ मध्ये दिसले. एफटीडीआय कंपनीच्या यूएसबी-सिरियल चिपच्या नकला बाजारात सर्रास होत्या. विंडोज अपडेटमधून आलेल्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने अशा नकली चिपमधला पीआयडी बदलून ०००० केला. बदल चिपमध्येच झाल्याने ती दुसऱ्या संगणकावरही ओळखली जाईना. आपल्या केबलमधली चिप नकली आहे याचा ग्राहकाला पत्ताही नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. प्रोलिफिक कंपनीच्या पीएल-२३०३ या तशाच चिपबाबत प्रकार सौम्य आहे : नवे ड्रायव्हर जुन्या आणि नकली चिपना कोड १० दाखवून नाकारतात. चिप जुनी पण अस्सल असेल, तर ‘अपडेट ड्रायव्हर’मधील यादीतून आधीची आवृत्ती निवडल्यास ती अनेकदा चालू होते.

ड्रायव्हर नव्याने बसवायचा, तर ‘अनइन्स्टॉल’ करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकोनातही खूण करावी; नाहीतर विंडोज साठ्यातला तोच ड्रायव्हर पुन्हा बसवते. कित्येक प्रिंटरना आधी सॉफ्टवेअर आणि मग केबल हा क्रम लागतो. एवढे करूनही उलगडा होत नसेल, तर विंडोजच्या ‘आयएनएफ’ फोल्डरातील ‘सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग’ ही फाइल उघडावी. कोणत्या उपकरणासाठी कोणता ड्रायव्हर निवडला आणि बसवणे कुठे अडले, याची वेळेसह नोंद तिच्यात असते.